इंजिन नाही, मोटर नाही, मग लिंटन-लिनमथची कड्यावरची रेल्वे चालते कशी?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर, कड्यावरचं लिंटन आणि खालचं लिनमथ या गावांना जोडणारी ही रेल्वे काहीही न जाळता खरंच फुकटात चालते का, आणि दोर तुटला तर डबा थेट समुद्रात जाणार का?

मी तिच्यात बसलो आहे. शिक्षणाने मेकॅनिकलवाला, त्यामुळे बाकीचे लोक समुद्र बघत होते आणि मी चालकाचे हात.

एका कप्पीवरून दोर टाकून दोन टोकांना दोन पोहरे बांधा. जड असेल तो खाली जाणार, हलका वर येणार. तत्त्व एवढंच. इथे पोहऱ्यांच्या जागी 40-40 माणसांचे दोन डबे आहेत आणि प्रत्येकाच्या पोटात 700 गॅलनची, म्हणजे जवळपास 3,200 लिटरची पाण्याची टाकी. वरच्या स्थानकावर वेस्ट लिन नदीचं पाणी नळाने आपोआप येतं आणि टाकी भरते. खालच्या डब्यात आधीच्या फेरीचं पाणी असतंच. माणसं चढली, दोन्हीकडून घंटी झाली, की खालचा चालक झडप उघडून पाणी सोडू लागतो. वरचा डबा पुरेसा जड ठरला की दोन्ही हलतात. किती पाणी सोडायचं हे गर्दीवर ठरतं. वरून चिक्कार माणसं उतरणार असतील आणि खाली दोघंच असतील, तर थोडंसं सोडूनही भागतं.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. डबा खाली जाऊ लागला की त्याच्या बाजूचा दोर लांबत जातो आणि दोरालाही वजन असतं. म्हणजे उतरणारा डबा क्षणाक्षणाला आणखी जड होणार आणि वेग वाढत जाणार. म्हणून इथे दोर फक्त वरच्या चाकावरून जात नाही, तो खालच्या चाकालाही वळसा घालून परत येतो, पूर्ण माळच. दोन्ही बाजूंना दोराचं वजन कायम सारखं. 862 फुटांच्या वाटेवर 500 फूट चढ आहे, तिथे हे फार महत्त्वाचं.

आता ‘फुकट’बद्दल. पाणी वर नेण्याचं काम ऊन आणि पाऊस करतात, बिल येत नाही एवढंच. आणि ही चैन सगळ्यांना मिळालेली नाही. ब्रिटनमधली अशी पहिली रेल्वे स्कारबरोची, 1875 ची. तिथे समुद्राचंच पाणी वापरत, पण ते पंपाने वर चढवावं लागे. सॉल्टबर्नची 1884 ची रेल्वेही पाण्यावर चालते, पण वापरलेलं पाणी पुन्हा वर पंप करावं लागतं. लिंटनला डोक्यावर नदी होती, आणि 1888 च्या संसदेच्या कायद्याने त्या पाण्यावर कायमचा हक्क मिळाला: दिवसाला 60,000 गॅलन. भागाकार केला तर साधारण 85 टाक्या होतात.

ती बांधण्याचं कारण काही रोमँटिक नव्हतं. कोळसा, चुना, किराणा बोटीने खाली लिनमथला यायचा आणि घोड्यांच्या पाठीवर किंवा गाडीतून कडा चढायचा. प्रवासी बोटींनी आलेल्या पाहुण्यांनाही तोच चढ. पैसा लावला तो जॉर्ज न्यून्स या प्रकाशकाने (‘द स्ट्रँड मॅगझिन’ काढणारा तोच). आराखडा जॉर्ज क्रॉयडन मार्क्सचा, ज्याचं सॉल्टबर्नचं काम आधीच झालेलं होतं. एप्रिल 1890 मध्ये ती सुरू झाली.

मार्क्स हा माझा आवडता माणूस. त्याने 1887 मध्येच डूगल्ड क्लार्कबरोबर पेटंटचा व्यवसाय काढला होता, मार्क्स अँड क्लार्क, आणि ती कंपनी आजही आहे. त्याने, न्यून्सने आणि बांधकाम करणाऱ्या बॉब जोन्सने मिळून 1888 मध्ये पेटंट घेतलं ते कशाचं? ब्रेकचं. डबा वर नेणं हा प्रश्न नव्हताच, ते काम तर वजन करतं. अडचण होती ती थांबवण्याची. वजनातला फरक संपूर्ण वाटेवर तसाच राहतो, त्यामुळे मोकळं सोडलं तर डबे शेवटपर्यंत वेग घेतच राहतील.

म्हणून इथे चालक गाडी ‘चालवत’ नाही, सतत आवरत असतो. ब्रेक दाबाने चालतात, पण तेलाच्या नाही, पाण्याच्याच. काही रुळावर वरून दाब देतात, काही रुळाचा माथा चिमट्यासारखा पकडतात. आणि ते मुळात लागलेलेच असतात. चालकाने हाताने धरून ठेवलं तरच सुटलेले राहतात. हात काढला की डबा जागच्या जागी.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. दोर एक नाही, दोन आहेत. आणि ब्रेक दोराला नाही, रुळाला धरतो.