4 वर्षांच्या मुलाला पंगतीत नीट जेवायला कसं शिकवावं?

मुलगा दोन घास खाऊन पळतो, वाढायच्या भांड्यात हात घालतो आणि यंदा महालक्ष्म्यांची पंगत तुमच्याकडे आहे, म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय. मी नागपुरातल्या एका बालवाडीत शिकवते. डब्याच्या सुट्टीत रोज हेच पाहते.

या वयाचं मूल 15-20 मिनिटांपेक्षा जास्त वेळ ताटावर बसत नाही. त्यात सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरणपोळी, मग नैवेद्य, आरती. पान वाढेपर्यंत दुपार उलटते. भुकेजलेल्या लेकराकडून शिस्त मागणं अन्याय आहे. त्याला आधी दूध-केळं द्या.

नियम दोन-तीनच ठेवा आणि कारण सांगा. उष्टा हात भांड्यात का नाही? कारण उष्टं गेलेली भाजी लवकर आंबते, मग ती कुणालाच खाता येत नाही. लेकरांना हे पटतं. तोंडात घास असताना बोलणं-हसणं नको, हा नियम मात्र मी सगळ्यात वर ठेवते. घास श्वासनलिकेत अडकू शकतो. याच कारणाने इतक्या लहान मुलांना अख्खे शेंगदाणेही देऊ नयेत.

आणि त्याला वाढायला लावा! मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे चार वर्षांच्या मुलाला छान जमतं. लिंबाच्या फोडींची ताटली त्याच्या हाती द्या. एरवी एका जागी न थांबणारी मुलं वाढताना किती जपून चालतात, ते मी बघितलंय. प्रत्येकाला एकच फोड द्यायची म्हणजे सगळ्यांना पुरेल, हेही ती आपोआप शिकतात. सुरुवात आज रात्रीच्या जेवणापासून करा, सणाच्या दिवशी नव्हे. तेव्हा टीव्ही, मोबाईल बंद. तुमचाही.

त्याच्या ताटात चमचा-चमचाच वाढा, हवं तर तो मागून घेईल. आपल्याकडे आग्रह फार. मावशी-काकू दुसरी पुरणपोळी वाढतात, आणि पानात टाकली की बोलणी पोराला! हे मला अजिबात पटत नाही. त्यांना आधीच सांगून ठेवा.

पंगतीत चुकलाच तर चारचौघांत रागावू नका, हळूच कानात सांगा. पोट भरलं की "माझं झालं, उठू का?" एवढं विचारून, हात धुवून त्याला खेळायला जाऊ द्या.