एक्स्टेन्शन ‘मिसिंग’ असल्याचा संदेश का येतो?

प्रश्न: माझ्या लिनक्स संगणकावर त्रिमितीय आराखड्यांचा एक प्रोग्राम व्यवस्थित चालतो. तोच प्रोग्राम आभासी डिस्प्लेवर, म्हणजे ‘:१’ वर, सुरू केला की ‘एक्सलिब: एक्स्टेन्शन जीएलएक्स मिसिंग ऑन डिस्प्ले :१’ असा संदेश येतो आणि प्रोग्राम बंद पडतो. तो पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडला नाही. त्याचा कोणता भाग गहाळ झाला असावा?

उत्तर: प्रोग्राममधून काहीही गहाळ झालेले नाही, त्यामुळे तो आणखी एकदा इन्स्टॉल करण्यात वेळ घालवू नये. संदेशातील ‘ऑन डिस्प्ले :१’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्या डिस्प्लेचा कारभार पाहणाऱ्या सर्व्हरकडे जीएलएक्स, म्हणजे त्रिमितीय चित्रणाची सोय देणारे एक्स्टेन्शन (मूळ प्रणालीला जोडलेला विस्तार), नाही, एवढेच प्रोग्राम आपल्याला सांगत आहे. लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीत पडदा, कीबोर्ड आणि माउस ज्याच्या ताब्यात असतो तो सर्व्हर आणि चित्र काढून मागणारा प्रत्येक प्रोग्राम हा क्लायंट. एकाच संगणकावर दोन सर्व्हर चालू असतील, तर दोघांची क्षमता वेगवेगळी असू शकते आणि आपल्याकडे नेमके तेच घडलेले दिसते.

एक्स ११ हा प्रोटोकॉल, म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट यांच्यातील संवादाचे नियम, १९८७ साली आला. त्रिमितीय चित्रण किंवा पारदर्शक विंडो यांची तरतूद त्याच्या मूळ विनंत्यांमध्ये नव्हती. मात्र पुढे लागणाऱ्या गोष्टींसाठी त्याच्या रचनाकारांनी जागा राखून ठेवली, आणि माझ्या मते या प्रोटोकॉलच्या दीर्घायुष्याचे श्रेय मुख्यतः त्या दूरदृष्टीला जाते. प्रत्येक विनंतीला एक क्रमांक असतो. त्यांपैकी १२८ ते २५५ हे क्रमांक एक्स्टेन्शनसाठी आहेत, परंतु कोणत्या एक्स्टेन्शनला कोणता क्रमांक मिळेल हे आधीपासून ठरलेले नसते. प्रोग्राम आधी ‘क्वेरी-एक्स्टेन्शन’ ही विनंती पाठवून नावानिशी चौकशी करतो. एक्स्टेन्शन उपलब्ध असेल तर सर्व्हर त्याचा क्रमांक कळवतो आणि नसेल तर तसे स्पष्ट सांगतो. आपल्याला दिसलेला संदेश हा या नकाराचाच परिणाम आहे.

खात्री करून घेण्यासाठी ‘एक्सडीपीवायइन्फो’ ही आज्ञा दोन्ही डिस्प्लेंवर चालवावी आणि त्यांच्या एक्स्टेन्शनच्या याद्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. मुख्य डिस्प्लेच्या यादीत रेंडर, रँडआर, कंपोझिट या इतर एक्स्टेन्शनबरोबर जीएलएक्स दिसेल आणि ‘:१’ च्या यादीत ते नसेल. पुष्कळ सर्व्हरना सुरू करतानाच ‘+एक्स्टेन्शन जीएलएक्स’ असा पर्याय देता येतो, तो आधी करून पाहावा. ज्या सर्व्हरमध्ये ही सोय बांधलेलीच नाही, त्याच्यावर या पर्यायाचा उपयोग होणार नाही. तेथे सर्व्हरच बदलावा लागेल.

यादीत नाव असले म्हणजे काम होईलच, असेही नाही. ‘एमआयटी-एसएचएम’ हे एक्स्टेन्शन चित्राची माहिती सामायिक मेमरीतून सर्व्हरला देते. प्रोग्राम दुसऱ्या संगणकावर चालत असेल तर सामायिक करण्याजोगी मेमरीच नसते आणि चित्र नेटवर्कवरून नेहमीच्या मार्गाने पाठवावे लागते.

प्रश्न: कंपोझिट एक्स्टेन्शन बंद केल्यास जुना संगणक वेगवान होईल का?

उत्तर: विंडोंच्या सावल्या आणि पारदर्शकता जाईल, मेमरीही थोडी वाचेल. कंपोझिटमुळे प्रत्येक विंडोचे चित्र थेट पडद्यावर न उमटता मेमरीत बाजूला तयार होते, कोणता भाग बदलला ते डॅमेज हे एक्स्टेन्शन कळवते आणि कंपोझिटर नावाचा प्रोग्राम सर्व चित्रे एकत्र करून पडद्यावर मांडतो. म्हणून एक्स्टेन्शनला हात न लावता केवळ कंपोझिटर बंद करून पाहावा. बहुतेक वेळा तेवढे पुरते आणि तो पुन्हा सुरू करणेही सोपे असते.

प्रश्न: वेलँडमध्ये एक्स्टेन्शनची ही भानगड संपली, असे ऐकतो. ते खरे आहे का?

उत्तर: नाही. एक्सची जागा घेण्यासाठी २००८ साली सुरू झालेल्या वेलँडमध्ये सर्व्हर आणि कंपोझिटर ही दोन्ही कामे एकाच प्रोग्रामकडे आली, परंतु मूळ प्रोटोकॉल मुद्दाम लहान ठेवला गेला. आज विंडोला शीर्षक देणे किंवा ती पूर्ण पडद्यावर पसरवणे यांसारख्या साध्या गोष्टीही ‘एक्सडीजी-शेल’ या विस्तारातून होतात. येथे प्रोग्रामला एकेका नावाची चौकशी करावी लागत नाही. त्याने रजिस्ट्री, म्हणजे उपलब्ध सोयींची नोंदवही, मागितली की कंपोझिटर आपल्याकडील सर्व इंटरफेस (सोयी) आवृत्तीच्या क्रमांकासह जाहीर करतो. ही यादी ‘वेलँड-इन्फो’ या आज्ञेने पाहता येते.

वेगवेगळे कंपोझिटर वेगवेगळे विस्तार स्वीकारतात, त्यामुळे पडद्याचे चित्र टिपणारा एखादा प्रोग्राम एका डेस्कटॉपवर चालतो आणि दुसऱ्यावर अडतो. जुने प्रोग्राम ‘एक्सवेलँड’ या एक्स सर्व्हरच्या आधाराने चालतात. त्यात ‘एक्सरँडआर’ ही आज्ञा मॉनिटरची माहिती दाखवते, मात्र तिने खऱ्या मॉनिटरची मांडणी बदलू पाहिल्यास ती बदलत नाही, कारण तो अधिकार कंपोझिटरकडे असतो. तो बदल डेस्कटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमधून करावा.