पहिली भयकादंबरी लिहिणाऱ्या सोलापूरकरासाठी

परवा चहा घेताना सांगितलंस, मुंजा आवडतो, हडळ आवडते, रक्ताचे सडे आवडत नाहीत. आवड चांगली आहे. पण कादंबरी कोकणातल्या वाड्यात का घडवतोस बे? तो पाऊस, त्या माडांच्या झावळ्या वापरून वापरून झिजल्या. आपल्याकडची भीती उन्हात आहे. मे महिन्यात पारा ४३ अंशांपर्यंत चढतो, दीड वाजता गल्लीत चिटपाखरू नसतं. भर मध्यान्ह वाईट, असं म्हातारी माणसं सांगतातच की. पहिलं प्रकरण तिथंच उघड.

मग आवाज. पूर्वभागात यंत्रमागांची खडखड लोकांच्या झोपेत मुरलेली असते. ती चालू असताना कुणी दचकत नाही. वीज जाते, सगळं एकदम गप्प होतं, तेव्हा माणूस जागा होतो. अशा वेळी एकच माग चालू राहिला तर? (खरं तर हे मीच लिहिणार होतो, पण घे.) इथली पहिली कापडगिरणी १८७७ सालची, तरी बंद गिरणीत भूत बसवणं टाळ, फार सोपं आहे ते.

भूत कुठल्या भाषेत बोलतं हे आधी ठरव. इथं मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू सगळं कानावर पडतं. घरात कुणालाच न येणारी भाषा लहान पोर झोपेत बोललं, की रक्ताची गरज नाही.

आणि मुंजा पिंपळापासून किती लांब येऊ शकतो? वाचकाला सांगू नकोस, पण ठरवलेला नियम स्वतः मोडू नकोस. मनोगत, अर्पणपत्रिका नंतर. आधी पन्नास पानं आण.