मगर हिरवी नसते

अगं,

तुझा मेल परवा रात्री वाचला, दोनदा वाचला, आणि मुद्दामच लगेच उत्तर दिलं नाही, कारण दिलं असतं तर ओरडलेच असते. एवढ्या लांबलचक मेलमधे ‘स्टाईल’ हा शब्द नऊ वेळा, मोजला मी. माझी स्टाईल सापडत नाहीये मावशी, इन्स्टावर सगळ्यांचं काहीतरी ओळखू येतं, माझंच येत नाही वगैरे. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं, की एका पब्लिशरने पुस्तक देऊ केलंय, २४ चित्रं, आणि मेलमधे ‘ऑल राइट्स’ असं काहीतरी लिहिलंय, ते नॉर्मल असतं ना? बाई गं! नऊ वेळा ‘राइट्स’ लिहायचं होतंस.

पण आधी माझ्या मगरीचं सांगते, कारण तुझी दोन्ही दुखणी तिथेच येऊन मिळतात.

आपल्या बडोद्याच्या विश्वामित्री नदीतल्या मगरीवरचं ते मुलांचं पुस्तक, ते तुला छापून आलेलं माहितीये, त्याआधी काय झालं ते नाही. ३२ पानांचं होतं. ३२ का, तर प्रेसकडे १६ पानांचा फॉर्मा, म्हणजे एकदम छापून दुमडायचा गठ्ठा, दोन फॉर्मे झाले की ३२, त्यातली तीन-चार पानं टायटल आणि इतर माहितीत जातात, आणि आपल्या वाट्याला तेरा-चौदा जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, उरतात. मजकूर हातात आला आणि मी काय केलं, तर तेच जे तू करतेयस. टेबलाशी बसले, आयपॅड उघडला, गुगलवर मगर टाकलं, आणि दोन दिवसांत सगळे रफ, म्हणजे कच्ची चित्रं, काढून मोकळी. हिरवीगार मगर, पोपटी पोट, सगळे दात बाहेर, एकदम गोड. क्लायंटला आवडले पण! अप्रूव्ह करून टाकले.

प्रिंट काढून डायनिंग टेबलवर पसरले होते तेव्हा आमच्या सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, पाल छान काढलीयेस.

दोन दिवस मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. मग तिसऱ्या दिवशी थर्मास, वही आणि यांची दुर्बीण घेऊन नदीवरच्या, काळा घोडा चौकाजवळच्या पुलावर जाऊन उभी राहिले. जानेवारी होता. पहिले तीन दिवस काही म्हणजे काही दिसलं नाही, येणारे-जाणारे थांबून विचारायचे बेन शुं जुओ छो, ताई काय बघताय, आणि मी मगर म्हटलं की तेही पाच मिनिटं उभे राहायचे आणि निघून जायचे. चौथ्या दिवशी कळलं की मी फार लवकर येत होते. थंडीत ऊन चांगलं तापल्याशिवाय ती काठावर येत नाही. त्या दिवशी साडेदहाला आली, आणि आली म्हणजे काय, मी जिला मघापासून गाळाचा ढीग समजत होते तिने तोंड उघडलं. आणि मग उघडंच ठेवलं, बराच वेळ, काही खायचं नाही, ओरडायचं नाही, नुसता जबडा उघडा टाकून पडलेली. अंग तापलं की तोंड उघडून गार करतात त्या. मी पुस्तकात ते उघडं तोंड ‘आता खाणार’ म्हणून काढलं होतं.

बारा पानं काढली त्या आठवड्यात, बहुतेक वाईट. पण दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे शेपटी. शेपटीवर करवतीसारखे खवले असतात ना, ते सुरुवातीला दोन रांगांत असतात, समांतर, आणि पुढे टोकाकडे जाता जाता त्या दोन्ही रांगा मिळून एकच होते. (परवा एकाने एआयने काढलेली मगर ‘रेफरन्स’ म्हणून पाठवली, शेपटीवर पहिल्यापासून टोकापर्यंत एकच रांग, ड्रॅगनसारखी. मी काही बोलले नाही, माझीच जुनी मगर आठवली.) दुसरी गोष्ट रंग. मगर हिरवी नसतेच गं. पाण्यातून निघते तेव्हा ओल्या टायरसारखी काळपट, आणि ऊन लागून गाळ वाळत गेला की राखाडी, जवळजवळ पिठाच्या गोणीसारखी. म्हणजे एकाच जनावराचे दोन रंग, आणि मधे अर्धा-पाऊण तास ती अर्धी काळी अर्धी राखाडी असते. ते मी पुस्तकात जसंच्या तसं घेतलं, बाहेर येते त्या जोडपानावर डोकं राखाडी आणि शेपूट अजून काळी.

आता गंमत बघ. ते पुस्तक बघून लोक मला म्हणतात की तुमची ती दोन रंगांची स्टाईल आम्हाला फार आवडते, आमच्या हत्तीलाही तशीच करा. स्टाईल कसली, गाळ वाळत होता!

सगळे रफ पुन्हा काढले. क्लायंट म्हणाला अप्रूव्ह झालेले होते, आता एक्स्ट्रा पैसे नाहीत, आणि त्याचं चूक नव्हतं, बघायचं काम मी नंतर केलं होतं. तेव्हापासून माझ्या कोटेशनमधे पहिली ओळ ‘रिसर्च आणि स्केचिंग, इतके दिवस’ अशी असते आणि त्याचे वेगळे पैसे असतात. कुणी विचारलं की याचे कसले पैसे, तर मी मगरीची गोष्ट सांगते. निम्मे लोक हसतात आणि देतात. उरलेल्यांचं काम मी घेत नाही, म्हणजे आता घेत नाही, तुझ्या वयाची असताना घ्यायचे, खोटं कशाला बोलू.

पुढची प्रोसेस तुला ठाऊक आहे पण एक-दोन गोष्टी सांगते ज्या तू करत नाहीस. थंबनेल, म्हणजे पानांचे चिमुकले आराखडे, तू फार मोठे काढतेस. ए-फोर कागदावर अख्खं पुस्तक बसलं पाहिजे, एकेक चौकट पोस्टाच्या तिकिटाएवढी, म्हणजे दात-नखं काढायला जागाच राहत नाही आणि फक्त वजन कुठे आहे तेवढं कळतं. आणि डमी कर. कागद दुमडून, स्टेपल मारून, खरोखर पान उलटून बघ. स्क्रीनवर जोडपान सपाट दिसतं, पुस्तक सपाट नसतं. माझ्या मगरीचा डोळा बरोब्बर मधल्या घडीत गेला होता, डमी केली नसती तर छापून आल्यावर आंधळी मगर बघावी लागली असती. सेंटर पिनिंग, म्हणजे मधे पिना मारलेलं असेल तर थोडंफार चालून जातं, पण पर्फेक्ट बाइंडिंगमधे, म्हणजे कण्याला गोंद लावून चिकटवलेल्यात, ती घडी बरंच काही गिळते, म्हणून बाइंडिंग कुठलं ते पहिल्याच फोनवर विचारायचं. कडेचा ३ मिलीमीटर ब्लीड, कापण्यात जाणारा जादा भाग, वगैरे तू ठेवतेसच. रंगांचं मात्र आयपॅडवर विश्वास ठेवू नकोस, आरजीबीतला, म्हणजे स्क्रीनवरचा, तो झगमगीत फिरोजी सीएमवायकेत, छपाईच्या शाईत, गेला की धुतलेल्या चादरीसारखा होतो, प्रूफ, छपाईचा नमुना, कागदावरच मागायचं.

आणि मूळ चित्रं ६०० डीपीआयला स्कॅन करून ठेव, त्याच दिवशी. २०२४ च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं आणि माझा खालचा ड्रॉवर, ज्यात शाईची नऊ ओरिजिनल होती, त्याचा लगदा झाला. वॉटरप्रूफ शाई शाबूत होती बरं का, कागदच राहिला नव्हता. हार्डडिस्क माळ्यावर होती म्हणून पुस्तक झालं. रस्त्यांवर मगरी फिरतायत म्हणून टीव्हीवर दाखवत होते, आणि त्याच आठवड्यात क्लायंटचा फोन, मॅडम टायमिंग मस्त आहे, जरा लवकर होईल का! मी झाडूने गाळ काढत होते. मगरीच्याच रंगाचा होता, ते तेवढ्यातही लक्षात आलं.

दिवाळी अंकातल्या माझ्या चित्रांचंही विचारलं होतंस. ती कथा जुन्या बडोद्यातली होती, वाड्यातली, एकोणिसाव्या शतकातली, आणि सहा दिवसांत तीन चित्रं हवी होती. पगडी कशी बांधलेली असते ते माझ्या बोटांना माहीत नव्हतं. मग रावपुऱ्यात तांबेकर वाड्यात गेले. तू फाइन आर्ट्सला चार वर्षं काढलीस आणि एकदाच गेलीयेस तेही क्लासबरोबर, हे मला तुझ्या आईने सांगितलंय. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा वाडा. वर जाऊन बघ, एक वीत भिंत मोकळी सोडलेली नाही. महाभारत, कृष्णलीला, आणि तिथेच इंग्रज-मराठा लढाई. त्या चित्रकारांपुढेही ‘एवढ्या जागेत एवढी गोष्ट बसवा’ हाच ब्रीफ होता की. मी एका कोपऱ्यात दोन तास फक्त पगड्या आणि बसायच्या पद्धती काढल्या, मांडी कशी, गुडघा कुठे, हात कुठे टेकलाय. तीन चित्रं त्या दोन तासांतून निघाली. संपादकांचा एकच बदल आला, मिशी थोडी कमी करा.

तुझ्या बॅचमधल्या कुणीतरी इलस्ट्रेशन म्हणजे खरं आर्ट नाही म्हटलं म्हणून तू रडलीस म्हणे. त्याला सांग, के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या मोठ्या चित्रकाराने बडोद्याच्या याच फॅकल्टीत शिकवताना फाइन आर्ट्सच्या मेळ्यासाठी मुलांची पुस्तकं आणि खेळणी केली होती. किंवा नको सांगूस, अशा लोकांशी भांडण्यात दुपार जाते.

आता ‘ऑल राइट्स’. माझी एक जुनी चूक ऐक. कुणाचं नाव नाही घेत. पंधरा वर्षांपूर्वी एका पुस्तकासाठी चित्रं दिली, मेलवर ‘सगळे हक्क’ लिहिलेलं होतं, मी ओके म्हणून टाकलं, आणि दोन वर्षांनी माझीच चित्रं कॅलेंडरवर, खाली नाव नाही, पैसे नाहीत. फोन केला तर म्हणे बेन, तमे तो हा पाडी हती, तुम्हीच तर हो म्हटलं होतं. म्हटलं होतं ना खरंच.

१९५७ चा कॉपीराइट कायदा आहे त्यात साधारण असं की चित्र काढणाराच पहिला मालक, पण कुणाच्या सांगण्यावरून पैसे घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि उलट काही ठरलेलं नसलं तर मालक तो पैसे देणारा. आता पुस्तकातलं इलस्ट्रेशन यात बसतं की नाही यावर वकील भांडत बसतील, आपण आधीच लिहून घ्यायचं की कॉपीराइट माझा, तुम्हाला फक्त या पुस्तकासाठी वापरायला देतेय. हक्क द्यायचेच असले तर तेही लेखी, आणि मुदत आणि प्रदेश लिहायचा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश नाही लिहिला तर भारत. म्हणून तर ते ‘कायमचे, जगभर’ असं लिहून आणतात, तो शब्द शोध तुझ्या मेलमधे. आणि नाव छापायचं हे वेगळं लिही, हक्क विकले तरी चित्र आपलं आहे हे सांगायचा अधिकार आपल्याकडेच राहतो.

पैसे तीन भागांत माग. मी ४० टक्के सुरुवातीला घेते, ३० रफ अप्रूव्ह झाल्यावर, ३० फायनलला. बदलांच्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे. काम मधेच बंद पडलं तर तोपर्यंतचे आलेले परत नाहीत. हे लिहिताना हात थरथरतो पहिल्यांदा, थरथरू दे. टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, १० टक्के कापतील, एका क्लायंटकडून वर्षाला ५०,००० च्या वर गेलं की, त्यावर भांडू नकोस, फक्त आयकराच्या वेबसाइटवर तुझ्या नावावर जमा दिसतंय का बघ आणि रिटर्न भर म्हणजे जास्तीचे कापलेले परत येतात. कुणी ‘आ तो पांच मिनिटनुं काम छे’ म्हटलं की फोन ठेवून दे, नाहीतर माझा नंबर दे.

२४ चित्रं कशावर आहेत ते तू लिहिलंच नाहीयेस. बकरी असेल तर बकरी बघून ये, रिक्षा असेल तर रिक्षावाल्याला दहा मिनिटांचे पैसे देऊन उभी रिक्षा काढ. रफ नंतर. आणि तो पब्लिशरचा मेल आत्ता मला फॉरवर्ड कर, तू ओके म्हणायच्या आधी. म्हटलं नाहीयेस ना अजून?

मावशी