जुन्या ॲम्बॅसडरची बॅटरी सारखी उतरते. डायनेमो काढून अल्टरनेटर टाकावा का?

भाऊ, तिसरी बॅटरी घेऊ नका आणि अल्टरनेटरही एवढ्यात नको. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला कळलं ते असं: आजोबांची १९६७ ची मार्क टू, डायनेमोवाली (डायनेमो म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी भरणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, अल्टरनेटर तेच काम करणारं नव्या पद्धतीचं). दारव्ह्याकडच्या गावात उभी असते, आठवडी बाजाराला आणि लग्नसराईत बाहेर निघते. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या. रेस दिली की डॅशबोर्डच्या मीटरमधला लाल दिवा विझतो, म्हणजे चार्जिंग होतंय असं तुम्ही धरून चाललात, तरी आठ-दहा दिवसांत सेल्फ नुसता ‘कट’ करून गप्प बसतो. मेकॅनिक म्हणतो, डायनेमो फेका.

मी आर्वीकडचा कास्तकार. वडिलांची तशीच गाडी माझ्याकडे आहे आणि याच दुखण्यापायी मी एक बॅटरी आणि एक आर्मेचर (डायनेमोत फिरणारं तारेचं वेटोळं) फुकट घालवलंय.

आधी त्या लाल दिव्याचं. त्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचमधून बॅटरी येते, दुसऱ्या टोकाला डायनेमो. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की दिवा विझतो. एवढंच त्याचं काम. बॅटरीत किती अँपिअर चाललेत, चाललेत की नाही, हे त्याला कळत नाही. हेडलाइट आणि हॉर्न मिळून डायनेमो देतो त्याहून जास्त खात असतील तरी दिवा विझलेलाच राहतो आणि बॅटरी हळूहळू रिकामी होते. पण एक खूण मात्र तो चोख देतो. विझल्यावर आणखी रेस दिली आणि तो परत पेटायला लागला, तर डायनेमो करंट बनवतोय आणि तो बॅटरीपर्यंत पोचत नाहीये, असं समजा.

माझ्या गाडीत नेमकं हेच होत होतं आणि मला ते वाचता आलं नाही. भाचीच्या लग्नाआधी गाडीला रंग दिला, इंजिनाच्या खोलीतही आतून फवारा मारून घेतला. महिनाभरात बॅटरी उतरायला लागली. एका गॅरेजवाल्याने बॅटरी गेली म्हणून सांगितलं, बदलली. दुसऱ्याने आर्मेचर गेलं म्हणून सांगितलं, तेही बांधून आणलं. शेवटी आमच्या विहिरींच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या पोराने गाडीजवळ येऊन फक्त दिवा पाहिला, रेस वाढवायला लावली, आणि समोरच्या पत्र्यावरच्या कटआऊटच्या डबीची (कटआऊट म्हणजे डायनेमो पुरेसे व्होल्ट देऊ लागला की त्याला बॅटरीशी जोडणारा आपोआप स्विच) अर्थची, म्हणजे बॉडीला जाणारी, तार ओढून पाहिली. म्हणाला, ‘‘भाऊ, याच्या बुडाखाली तं पेंट हाय. करंट जाईन कुठून?’’ तारेच्या टोकाच्या थिंबलखालचा रंग स्क्रूड्रायव्हरने खरवडला, चकचकीत पत्रा दिसला, स्क्रू आवळला. झालं. त्या डबीतली कटआऊटची आणि रेग्युलेटरची (डायनेमोचे व्होल्ट आवरणारा तो) बारीक तारेची वेटोळी ‘ई’ टर्मिनलमधून बॉडीला मिळतात. तो जोडच तुटला की कटआऊट ओढलंच जात नाही. आर्मेचर बिचारं धडधाकट होतं.

म्हणून आधी एक साधा मल्टीमीटर, हातभर वायर आणि पॉलिश पेपर घेऊन बसा.

बॅटरी बाहेरून चार्जरवर पूर्ण भरून घ्या, रात्रभर तारा काढून ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.६ च्या आसपास असेल तर ठीक. १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर काहीच जोडलेलं नसताना इतकी उतरत असेल तर दोष बॅटरीतच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ पार करतो, तेव्हा पाणी दर पंधरवड्याला पाहा आणि डिस्टिल्डच घाला. आमचे मेहुणे पूर्णेकाठचे, खारपाणपट्ट्यातले. त्यांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी ओतलं, त्या हंगामभरही ती टिकली नाही.

मग गाडी बंद, चावी काढलेली, दारं लावलेली असताना बॅटरीची एक तार काढून तिच्यात आणि टर्मिनलमध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब धरा. पेटला तर काहीतरी गुपचूप खातंय. डिकीचा दिवा, नंतर बसवलेला टेप, किंवा उंदराने कुरतडलेली वायर. कापूस नाहीतर सोयाबीन साठवलेल्या खोलीशेजारी गाडी उभी असेल तर उंदरावर पहिला संशय घ्या. बल्ब एकदम लख्ख पेटला आणि डायनेमोची जाड तार काढताच विझला, तर कटआऊटचे पॉइंट (एकमेकांना टेकून करंट पुढे देणारी टोकं) चिकटलेत. अशा वेळी बॅटरी उलटी डायनेमोत वाहते. तार लगेच काढून ठेवा, नाहीतर डायनेमो जळेल. तुमची बॅटरी आठ-दहा दिवस टिकते म्हणजे हे प्रकरण बहुधा नाही, कारण यात ती काही तासांतच बसते.

आता मुख्य परीक्षा. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबा, अर्धा-पाऊण इंच दबला पाहिजे. बेल्ट आतून काचेसारखा चमकत असेल तर तो घसरतोय. डायनेमोच्या मागे दोन तारा दिसतील, जाड ती ‘डी’, बारीक ती ‘एफ’. दोन्ही काढा आणि डायनेमोची ती दोन टर्मिनलं वायरच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. मीटरची एक पिन त्या जोडावर, दुसरी डायनेमोच्या अंगावर. इंजिन चालू करून रेस अगदी हळू वाढवा. काटा न थरथरता भराभर चढला पाहिजे. २० व्होल्टच्या आतच थांबा, जास्त रेस देऊ नका. इथे रेग्युलेटर नसतो, डायनेमो मोकाट सुटलेला असतो. असा चढला तर डायनेमोला हात लावायचं कारण नाही.

चढला नाही तर आकडा बोलतो. काहीच नाही म्हणजे कार्बन (आर्मेचरला घासून करंट घेणारे तुकडे) झिजलेत किंवा अडकलेत. अर्धा-एक व्होल्टवर रुसला तर फिल्ड कॉइल, म्हणजे डायनेमोच्या अंगातली न फिरणारी वेटोळी. चार-पाचवर अडकला तर आर्मेचर. कार्बन कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतात. फिल्ड आणि आर्मेचर मोटार वाइंडिंगवाला बांधून देतो, विहिरीच्या मोटारी बांधणाऱ्याला हे काम नवं नाही. उघडलाच आहे तर कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या आणि तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक किंचित खाली कोरायला सांगा. हॅक्सॉच्या तुटक्या ब्लेडने ते काम होतं. आतल्या बाजूला जस्ताच्या रंगाचे शिंतोडे दिसले तर तो कथिल आहे. आर्मेचर कधीतरी इतकं तापलंय की तारांच्या जोडावरचा कथलाचा डाग वितळून उडालाय. मागच्या बुशाला दोन थेंब इंजिन ऑइल द्या, जास्त नाही, नाहीतर ते कार्बनवर उतरतं.

डायनेमो पास झाला की तारा जागच्या जागी लावा आणि डबीपाशी या. रेस देऊन डबीच्या ‘डी’वर मीटर लावा, मग बॅटरीकडच्या ‘ए’वर. कटआऊट साधारण १३ व्होल्टच्या आसपास ‘टिक’ करून ओढलं पाहिजे, कान दिला तर ऐकू येतं. ‘डी’वर येतंय आणि ‘ए’वर बॅटरीचे तेवढेच राहतात, तर आधी ‘ई’ची तार पाहा, मग पॉइंट. पॉइंटवरची काजळी बॅटरीची तार काढून हलक्या हाताने पुसा. रेग्युलेटरच्या स्प्रिंगचा स्क्रू मात्र फिरवू नका. पॉइंट घाण, तार सैल, आणि माणूस स्क्रू पिळत बसलाय, असं फार पाहिलंय. पिळल्याने थोडे दिवस बरं वाटतं आणि मग ॲसिड उकळायला लागतं.

हे सगळं ठीक निघालं, आणि तुमच्याकडे तसं निघण्याची शक्यता मला जास्त वाटते, तर मग हिशेब करा. हेडलाइटला कुणी ६०/५५ वॅटचे हॅलोजन टाकलेत का? मोठ्या बीमला दोन्हींचे १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. इग्निशन, टेललाइट, हॉर्न वेगळे. या पिढीचा डायनेमो जोरात पळताना विशीच्या आसपास देतो आणि आयडलला काहीच देत नाही. खड्ड्यांतून दुसऱ्या गिअरमध्ये बाजारापर्यंत जाऊन रात्री दिवे लावून परत, यात बॅटरी भरतच नाही. महिन्यातून दोनदा दिवसाउजेडी तासभर पक्क्या सडकेने पळवा. उभी असताना बॅटरीची तार काढून ठेवा. मी तेवढंच करतो.

अल्टरनेटर वाईट नाही. रोज रात्री गाडी वापरायची असेल तर मीही टाकेन. पण त्याआधी बॅटरीची कोणती तार बॉडीला लागलीय ते पाहा. ब्रिटिश घराण्यातल्या त्या काळच्या कितीतरी गाड्यांत प्लस बॉडीला असे. तशीच ठेवून साधा अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड पहिल्याच क्षणाला जातात. आणि एकदा डायनेमो भंगारात गेला की तसाच परत मिळवायला किती हिंडावं लागतं, ते नागपूरच्या भंगार बाजारात एक चक्कर मारून पाहा.

‘डी’ आणि ‘एफ’ जोडून मीटर कुठे थांबला, तो आकडा कळवा. आणि गाडीला अलीकडे रंग दिला होता का, तेही.