कडुलिंबावरचं पांढरं कापसासारखं काय आहे: फवारा मारायच्या आधी डोळ्याखाली बघा

राम राम मंडळी. गेल्या पंधरा दिवसात चोपडा, यावल, शहादा इकडून एकाच धाटणीचे प्रश्न आलेत, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. एका भाऊंनी बांधावरच्या कडुलिंबाचा फोटो टाकला आणि खाली एवढंच लिहिलं, "भाऊ, हाई काय शे?" फांदीवर कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसतात, हात लावला की टिचकी मारल्यासारखे उडतात. दुसऱ्या दादांच्या चंदनाच्या रोपांवर तसंच, आणि दुकानदाराने पिठ्या ढेकूण सांगून औषधाची बाटली हातात दिली. तिसरा प्रश्न उसाचा आहे, तो सगळ्यात महत्त्वाचा, त्यावर खाली येतो.

पहिलं म्हणजे, जो उडतो तो पिठ्या ढेकूण नाही. ढेकूण जागेवरून फार हलतच नाही. हे झाडावर राहणारे तुडतुडे आहेत, पण आपल्या कपाशीवरचे किंवा आंब्याच्या मोहोरावरचे नाहीत, ते वेगळं घराणं. ह्यांच्या गटाला शास्त्रात फुलगोरोमॉर्फा म्हणतात, जगात 12 हजारांहून जास्त जाती नोंदल्यात, भातावरचा तपकिरी तुडतुडा पण ह्यातलाच.

ओळखायचं कसं? मी परवा एका बांधावर सकाळी उलटी छत्री धरली आणि लिंबाची फांदी काठीने दोनदा ठोकली, सात-आठ पडले. एक काचेच्या बाटलीत घेतला आणि 10 पट भिंगाने बाजूने बघितला. वरून बघून काही कळत नाही, बाजूनेच बघायचं. डोळा दिसतो, आणि डोळ्याच्या बरोबर खाली, गालावर म्हणा ना, मिशी असते, मिशीचं बूड फुगीर मण्यासारखं आणि त्याच्यापुढे केसासारखा तंतू. कपाशीच्या आणि आंब्याच्या तुडतुड्याची मिशी दोन डोळ्यांच्या मध्ये, पुढच्या बाजूला असते आणि बारीक असते, शिवाय त्याच्या मागच्या तंगडीवर करवतीसारखी काट्यांची रांग असते. बाभळीवर काट्यासारखा शिंगवाला किडा मुंगळ्यांच्या घोळक्यात बसलेला दिसतो ना, तो पण ह्यातला नाही, तो मेंब्रॅसिडी नावाच्या वेगळ्या घराण्यातला, त्याची पाठच वर वाढून शिंग झालेली असते.

मिशी डोळ्याखाली सापडली की मग घराणं बघा. पंख रुंद, पतंगासारखे, घराच्या छपरासारखे मिटलेले आणि पंखाच्या बाहेरच्या कडेला आडव्या शिरांची शिडीसारखी रांग असली तर फ्लॅटिडी. ह्यांची पिल्लं पांढऱ्या मेणाने एवढी झाकलेली असतात की किडा कुठे आणि कापूस कुठे कळत नाही. कपाळ लांबीपेक्षा रुंदीला जास्त, किडा ठेंगणा, मातकट, आणि पिल्लाच्या शेपटीला दोन लांब काड्या असल्या तर युरीब्रॅकिडी. ह्यांची अंडी पानाच्या मागे पांढऱ्या मेणाच्या थराखाली असतात, टिकली चिकटवल्यासारखी. चंदनवाल्या दादांचा किडा हाच आहे, फोटोत पिल्लाच्या काड्या स्पष्ट दिसतात.

एक भाऊ अमेरिकेतला लाल पंखाच्या किड्याचा व्हिडिओ बघून घाबरलेत आणि आपल्या महारुखावरच्या किड्याचा फोटो पाठवलाय. व्हिडिओतला किडा फुलगोरिडी घराण्यातला, मूळ चीनकडचा, 2014 साली पेनसिल्व्हेनियात सापडला आणि तिथल्या द्राक्षबागांना फार त्रास झाला. त्याचं आवडीचं झाड आपल्या महारुखाच्याच वंशातलं, पण जात वेगळी, म्हणून भीती वाटणं बरोबर आहे, पण भाऊ, तुमच्या फोटोत तो नाही, तुमचा किडा पण रुंद कपाळाचा युरीब्रॅकिडीच आहे. ह्याच फुलगोरिडीत आपल्या भारतातल्या एका वंशाचं नाव कालिदास आहे बरं का, नाकावर नाजूक वाकडा देठ असलेला किडा. मला हे नाव फार आवडतं.

आता उपाय. मोठ्या लिंबावर, महारुखावर काहीच मारू नका. रस शोषतात, खाली चिकटा पडतो, त्यावर काजळी चढते, मुंग्या येतात, पण मोठ्या झाडाचं एवढ्याने काही बिघडत नाही आणि कोळी, पाखरं त्यांना खातात. चंदनाचं रोप लहान असेल तर अंड्यांच्या टिकल्या असलेली पानं हाताने तोडा, आणि फारच झाले तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे 5 किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून गाळायची आणि 100 लिटर पाणी करायचं, संध्याकाळी मारा.

आणि ऊस. शहाद्याच्या दादांनी पाकोळीचा फोटो पाठवला, पाकोळी म्हणजे पायरिला, उसावरचा ह्याच गटातला तुडतुडा, लोफोपिडी घराणं, वाळल्या गवताच्या रंगाची, पुढे चोच काढलेली. ही मात्र खरंच नुकसान करते, पानं पिवळी पडतात, साखरेचा उतारा घटतो. पण दादा, तुमच्याच फोटोत पाकोळीच्या अंगावर पांढरा ठिपका चिकटलाय, मी मोठा करून बघितला, ती एपिरिकॅनियाची अळी आहे, एका छोट्या पतंगाची, पाकोळीच्या अंगावर बसून तिचंच रक्त पिते. पानावर पांढरे कोष दिसतात ते पण तिचेच. तुम्ही त्या पांढऱ्यावर फवारा मारायला निघाला होतात! कृपा करून थांबा. उलट कोष असलेली पानं कापून ज्या प्लॉटमध्ये पाकोळी आहे पण कोष नाहीत तिथे उसाच्या पानाला टाचून द्या, शिफारस हेक्टरी 4 ते 5 हजार कोषांची आहे. खालच्या पाचटावर पाकोळीचे अंडीपुंज असतात ते पाचट काढा, फक्त त्यावर एपिरिकॅनियाचे कोष नाहीत ना ते आधी बघा.

पुढचा फोटो पाठवताना किड्याचा बाजूने काढा, उन्हाकडे पाठ करून, सोबत झाडाचं नाव आणि पिल्लं सापडली तर पिल्लाचाही एक. पिल्लावरून घराणं लवकर कळतं.