बेळगावचा किल्ला पहिल्यांदा बघताना

पहिल्याच फेरीत सगळा किल्ला बघायचा हट्ट नको. तीनच गोष्टी नीट बघा: खंदक, दरवाजा आणि कमल बस्ती हे जैन मंदिर. सकाळी लवकर निघा. मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला जवळच आहे.

दरवाज्याशी गणपती आणि दुर्गेची मंदिरं आहेत. बहुतेक जण इथे नमस्कार करून सरळ आत जातात. तसं करू नका. थोडं मागे येऊन खंदक आणि तटबंदी एका नजरेत घ्या, म्हणजे हल्ला करणाऱ्याची अडचण लक्षात येते.

कमल बस्तीला सर्वात जास्त वेळ द्या. रट्ट घराण्यातला राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने ती 1204 च्या सुमारास बांधली. उन्हातून आत गेल्यावर काही दिसत नाही आणि लोक लगेच परत फिरतात. दोन-तीन मिनिटं थांबा, डोळे सरावू द्या, मग मान वर करा. छतातलं दगडी कमळ तेव्हा उलगडतं. गाभाऱ्यात नेमिनाथ आहेत, तेव्हा चपला बाहेर.

नेहमीच्या चुका:
- लष्करी इमारतींचे फोटो काढणं. किल्ल्यात लष्कर आहे, पाटी बघूनच मोबाईल काढा.
- पावसाळ्यात शेवाळलेल्या तटावर चढणं.

साफा मशीद पुढच्या फेरीला. बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला तर वेगळ्या दिवशीच.